पंधरापैकी पंधरा

१३ जानेवारी २०२५, सोमवार

नाव आलं नाही!

काल पाराच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा सामना. डाव्या बॅकच्या पायात चेंडू, स्टेडियममध्ये पाचेक हजार माणूस, माइक माझ्या हातात – आणि नाव नाही. या पोराला मी शेंबडा असल्यापासून ओळखतो. बापाचं नाव आठवलं, चुलत्याचं आठवलं, गल्ली आठवली, दारातला नळसुद्धा आठवला. त्याचं तेवढं नाही. ‘हा बघा डाव्या बाजूचा पहारेकरी!’ म्हणून वेळ मारून नेली. वर टाळ्या पडल्या.

या हंगामातली ही तिसरी वेळ.

चोवीस वर्षं फुटबॉलचं समालोचन करतोय. हातात कधी कागद घेतला नाही. खेळाडूच नाही, त्याचा बाप कुठल्या तालमीतून खेळायचा, आजा कुणाला आडवा जायचा, सगळं तोंडपाठ. स्पर्धेचा सेक्रेटरी गुंडू पाहुण्यांना ओळख करून देतो – ‘आमच्या आकारामच्या डोक्यात आख्ख्या शिवाजी पेठेची मतदार यादी हाय!’ शाळेतल्या हेडक्लार्कला एरवी कोण विचारतं? माइक आहे म्हणून आकारामदा.

वय त्रेपन्न. कुणाला सांगायचं नाही. ही वही रेकॉर्ड रूममध्ये, १९८७ च्या दाखल्यांच्या मागे. तिकडे उंदीरसुद्धा जात नाही.

१५ जानेवारी, बुधवार

काल सगळी नावं आली! बावीसच्या बावीस. उगाच घाबरलो. संक्रांतीचे तिळगूळ सात खाल्ले, रात्रभर जळजळ.

२० जानेवारी, सोमवार

जळजळीवरून विषय निघाला. काल स्नेहल आली होती. माझी भाची. आक्का – माझी थोरली बहीण – सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून स्नेहलचं माहेर म्हणजे आमचंच घर. सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करते. मी जेवणाआधी पित्ताची गोळी टाकली तशी म्हणाली, “मामा, किती वर्षं घेताय ही?”

“नऊ.”

“आणि बाकी?”

बाकी काय? मधे सायनसला, दाढेला, खोकल्याला अँटिबायोटिकचे कोर्स. भाजी मी खात नाही. मटणाच्या रश्शात तरंगते ती कोथिंबीर माझी पालेभाजी.

तिनं डोक्याला हात लावला. मग सांगत बसली. आतड्यात म्हणे कोट्यवधी जिवाणू असतात, शेकडो जातींचे. अन्न पचवतातच, शिवाय काही पदार्थ तयार करतात, ते रक्तात जातात. पोटापासून मेंदूपर्यंत एक लांबलचक नसही आहे, निरोप दोन्हीकडे जातात. पंचेचाळीस ते साठ वयाच्या माणसांत हे जिवाणू किती प्रकारचे आहेत आणि स्मरणशक्ती कशी आहे, यांचा संबंध असू शकतो. तिचा अभ्यास त्यावरच चाललाय.

मी भाकरी मोडत मोडत, अगदी सहज विचारलं, “म्हणजे पोट सुधारलं की आठवण सुधारती?”

“तसं कुणीच ठामपणे म्हणत नाही मामा. कुणामुळे कोण, हेच अजून नक्की नाही. ज्याची स्मरणशक्ती कमी होते तो खाण्याकडेही दुर्लक्ष करत असेल, म्हणूनही पोट बिघडलेलं दिसेल.”

म्हणजे चेंडू जाळ्यात आहे, कुणी मारला ते दिसलं नाही. चालेल! मला तेवढं पुरे. डोकं बिघडलं असेल तर संपलंच. पण पोट? पोटाला औषध असतं. तिला माणसं हवी होती. ‘घाल माझं नाव’ म्हटलं. ही, माझी बायको, वाढता वाढता माझ्याकडे बघत राहिली. कधी रक्त तपासायला न जाणारा माणूस आपण होऊन पुढे झाला, म्हणून असेल.

२३ जानेवारी, गुरुवार

नमुना दिला. आयुष्यात इतक्या काळजीनं काही केलं नव्हतं. निळी डबी, छोटा चमचा, वर नाव, तारीख, वेळ. घरी बर्फाच्या पेटीवरून रणकंदन. “फ्रीजच्या आसपास जरी आणलासा तर बघा!” – ही. शेवटी पेटी बाथरूममध्ये, स्टुलावर. नेताना जिन्यात खालचा कृष्णात भेटला. “काय आकारामदा, तांबडा रस्सा का पांढरा?” म्हटलं, घरगुती आहे.

२५ जानेवारी, शनिवार

स्मरणशक्तीची चाचणी झाली. इथं गडबड झाली.

एका मुलीनं पंधरा शब्द वाचून दाखवले. कांदा, चष्मा, विहीर, घंटा, कात्री, ढग, पाट, उशी, लिंबू, जहाज, छत्री, पिंजरा, मध, शिडी, माकड. अर्ध्या तासानं परत सांगायचे. मी काय करावं? संघ लावला! कांदा गोलकीपर. चष्मा आणि विहीर दोन्ही बगलांना. घंटा-कात्री मधे स्टॉपर. ढग डाव्या बाजूनं मुसंडी मारणार, पाट आणि उशी मैदानाच्या मध्यात, लिंबू उजव्या बाजूला – चपळ. पुढे जहाज आणि छत्री. बाकी चार बाकावर, माकड सगळ्यात शेवटी, कोच त्याला घेणार नाही. अर्ध्या तासानं धडाधड सांगितले, क्रमासकट.

पंधरापैकी पंधरा. मुलगी उठून उभी राहिली. “सर, आजवर कुणीच नाही केलं!” स्नेहलनं आमचा मामा म्हणून सगळ्यांना ओळख करून दिली.

मी हसत होतो. मनात मात्र म्हणत होतो – अगं, मी परवा आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटं उभा होतो, डावीकडे की उजवीकडे म्हणून! पण पंधरापैकी पंधरा काढणाऱ्यानं हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

३ फेब्रुवारी, सोमवार

काल काय झालं ते नीट लिहून ठेवतो.

पाराची तालीम विरुद्ध नवरंग. शून्य-शून्य. शेवटची पाच मिनिटं. पाराच्या तालमीचा नऊ नंबर, ऋतुराज जांभळे, वीस वर्षांचा, उजवीकडून आत घुसला. मान जरा वाकडी, डावा हात लोंबता. आणि गोल!

आणि मी ओरडलो, “पिराजी! पिराजी जांभळेचा गो...ल!”

पिराजी त्याचा बाप. त्याच तालमीचा, त्याच नऊ नंबरचा. सतरा वर्षांपूर्वी हातकणंगल्याजवळ मोटारसायकलवरून पडून गेला. मला ते त्या क्षणी माहीत नव्हतं! मला पिराजीच दिसत होता. पिराजी धावला, पिराजीनं मारला.

स्टेडियम गप्प. दोन-तीन सेकंद असतील. मग मला कळलं. म्हटलं, संपलं. आता उघडं पडलं.

आणि मग जो कल्ला झाला – बापरे! म्हातारी माणसं उभी राहून डोळे पुसत होती. ऋतुराज मैदानात गुडघे टेकून आभाळाकडे बघत होता. गुंडूनं मला मागून मिठी मारली. “काय टाकलास भावा! पोराच्या पायात बाप उभा केलास की!”

मी काहीच टाकलं नव्हतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

व्हिडिओ गावभर. निपाणीहून स्पर्धेसाठी बोलावणं. आज मुख्याध्यापकांनी परिपाठात सत्कार केला, गुलाबाचं फूल. एक मास्तर म्हणाले, हा तर तुमचा प्रतिभेचा क्षण. हो का? तुमच्या घरी घ्या तो.

१० फेब्रुवारी, सोमवार

कालच्या सामन्यात नवरंगच्या कोचला मी दुसऱ्याच संघाचा कोच केला. तो मागच्या वर्षापर्यंत तिथंच होता. लोक पोट धरून हसले – मी टोमणा मारला म्हणे! कोच स्वतः येऊन हात मिळवून गेला. “बरोबर नस पकडलीसा आकारामदा.”

चुकीला चूक म्हणायला एक माणूस मिळत नाही या गावात. हात वर करून उभा राहिलो तरी म्हणतील, काय ऐट आहे!

गुंडूला सांगायचा प्रयत्न केला. चहाच्या गाड्यावर. म्हटलं, “गुंडू, मला अलीकडं विसरायला होतंय.” त्यानं बशी खाली ठेवली, मला वाटलं ऐकतोय. तर म्हणाला, “तुला? लेका, तू माझ्या आज्याच्या बैलाचं नाव सांगशील!”

सर्जा. तोंडातून आलंच. आणि तो हसून हसून बेजार. काय करू या डोक्याचं? मेलेला बैल आठवतो, आणि सकाळी गोळी घेतली की नाही ते आठवत नाही. दोनदा घेतली असणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं! सापडलं!

नमुन्याचा निकाल आला. स्नेहल कागद घेऊन आली आणि तोंड बारीक करून म्हणाली, “मामा, तुमच्या आतड्यात जिवाणूंचे प्रकार फारच कमी आहेत. आमच्याकडे आलेल्यांत सगळ्यांत खालच्या चार-पाचांत तुम्ही.” मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. अखेर कुणीतरी म्हणालं की या माणसात काहीतरी बिघडलंय. सगळं गाव खोटी ग्वाही देत होतं, माझी जीभसुद्धा त्यांना फितूर. पोट तेवढं खरं बोललं!

“आता काय खाऊ?” तिनं सांगितलं – डाळी, उसळी, पालेभाज्या, ज्वारी-नाचणी, ताक, फळं. हळूहळू वाढवा म्हणाली. गोळी मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. आणि पुन्हा बजावलं, “यानं स्मरणशक्ती सुधारेल असं मी म्हणत नाहीये हां. तशी तुमची सुधारायची गरजच नाही म्हणा!”

हसली. मीही हसलो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हळूहळू कुठलं! एकाच दिवशी हरभऱ्याची उसळ, मेथी, दोन पेरू, नाचणीची आंबील. ऑफिसात खुर्चीवर बसवेना. शिपाई आकाश बघून म्हणाला, “सर, पावसाचं काय दिसत न्हाय, पण गडगडतंय.” तरी खातोय. ही काही विचारत नाही. रोज ताटात एक भाजी जास्त. मागच्या महिन्यापासून डब्याला चिठ्ठी चिकटवते – ‘दुपारी खाणे’. म्हटलं, अगं डबा दुपारीच खातात, हे काय लिहायचं? दुसऱ्या दिवशी परत चिठ्ठी.

३ मार्च, सोमवार

काल पिराजीची बायको घरी आली. शालूबाई. चटणीच्या डंकावर मिरची कांडून हिनं ऋतुराजला वाढवला. नवऱ्याच्या नावानं नृसिंहवाडीला जाऊन आली होती, तिथले पेढे आणले. बसली. बोटांनी पदराची कड चाळवत होती. हातांना अजून मिरचीचा वास.

“दादा, सतरा वर्सं झाली. त्यांचं नाव मैदानात कुणी घेतलं न्हवतं. घरात मी घेत न्हाय, पोरगं घेत न्हाय – त्याला बाप आठवतच न्हाय. त्या दिवशी तुमी घेतलंसा. मी डंकावर हुते. पोरींनी मोबाईलवर ऐकवलं. चाळीस बायका, डंक बंद करून रडलो.”

मी म्हणणार होतो. ओठावर आलं होतं – वहिनी, मी नाव घेतलं नाही हो. मी चुकलो. मला तुमचा नवरा मेलाय हेच आठवलं नाही. पण असं कसं म्हणायचं? तिच्या सतरा वर्षांत तिला एक गोष्ट मिळालीय, ती माझी चूक निघाली म्हणून परत मागायची?

जाताना उंबऱ्यात थांबली. “फायनलला पोरानं गोल केला तर आनी एकदा घ्यासा? मी येनार हाय. या खेपंला माझ्या कानानं ऐकते.”

“घेतो की,” म्हणालो.

पेढ्यांचा पुडा तसाच देव्हाऱ्यात ठेवून दिला.

१० मार्च, सोमवार

शनिवारी स्नेहलकडे दुसरी चाचणी. ठरवून गेलो होतो – संघ लावायचा नाही. जे राहील ते राहू दे, पाच तर पाच. निदान खरं बाहेर येईल. पण त्या मुलीनं ‘पणती’ म्हटलं आणि पणती जाऊन गोलजाळ्यात उभी राहिली! ‘दोरी’ – डावा बॅक. मी थांबवतोय, तरी लागतोय संघ. सवयच ती, चोवीस वर्षांची. निम्मे गाळून सांगावेत तर ते खोटं. सांगावेत तर तेही खोटंच! सांगितले. पुन्हा पंधरा.

स्नेहलनं संगणकावर ठिपके दाखवले. एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस. सगळे साधारण एका रेघेच्या आजूबाजूला. एक ठिपका पार कोपऱ्यात, वर, एकटाच.

“हे तुम्ही मामा. पोट तळाला आणि स्मरणशक्ती सगळ्यांत चांगली! माझा आलेख बिघडवलाय तुम्ही. मार्गदर्शक विचारतायत, हा माणूस आहे तरी कोण?”

आक्काच्या पोरीचं चार वर्षांचं काम, आणि त्यात माझा खोटा ठिपका. तिथंच बोलायला पाहिजे होतं. ती एवढ्या कौतुकानं बघत होती! म्हणाली, “आई म्हणायची, आमचा आकाराम एकपाठी.”

घरी येईपर्यंत तो ठिपका डोळ्यांपुढून हलला नाही. वर जागा नाही, बाजूला कुणी नाही, खाली उतरता येत नाही. अडकलोय. टाळ्यांत अडकलोय, पेढ्यांत अडकलोय, पंधरांत अडकलोय!

२० मार्च, गुरुवार

रंगपंचमीची सुट्टी झाली. रंगानं माखलेला एकजण दारात येऊन “ओळखा बघू!” म्हणाला. सगळ्यांनीच चुकीची नावं घेतली. फार हलकं वाटलं. वर्षभर रंगपंचमी असावी.

फायनल तीन दिवसांवर. सकाळी अंघोळ करताना ‘पिराजी पिराजी पिराजी’ म्हणत होतो. बाहेरून ही, “काय म्हनतायसा?” म्हटलं, देवाचं.

२४ मार्च, सोमवार

फायनल झाली. पाराची तालीम जिंकली, दोन-एक.

मुंगी शिरायला जागा नव्हती. शालूबाई समोरच्या पायऱ्यांवर, हिरवं लुगडं, आजूबाजूला डंकावरच्या बायका. मी खिशात चिठ्ठी ठेवली होती. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. ‘पिराजी’ एवढंच लिहिलेलं. तिच्यामुळे जिवाला जरा धीर होता.

एक्काहत्तरावं मिनिट. कॉर्नर. ऋतुराजचं डोकं. गोल!

मी माइक तोंडाशी नेला. “गोल! पाराच्या तालमीचा गोल! आणि हा गोल केलाय...”

नाही आलं.

ऋतुराज आलं. ऋतुराज ऋतुराज ऋतुराज – एकटंच डोक्यात. ज्याची मला गरज नव्हती ते नाव बरोबर येऊन बसलं, आणि बाप गेला कुठं कुणास ठाऊक! खिशात हात घातला. चिठ्ठी नाही. सकाळी सदरा बदलला होता. समोर हिरवं लुगडं. ती बाई पदराचं टोक तोंडात धरून माझ्याकडे बघतेय.

मग माझं मलाच कळलं नाही. माइकवर म्हणालो, “मंडळी, मला त्याच्या बापाचं नाव आठवत नाही. खरंच आठवत नाही. मी विसरलोय.”

आणि पूर्वेच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं – “पिराजी!”

मग दुसरीकडून. मग सगळीकडून. दहा हजार माणूस! पिराजी! पिराजी! पिराजी! शालूबाई उभी राहिली, तिला दोघींनी धरलं होतं. मी रडत होतो. मी परत म्हणालो, “अहो, खरं सांगतोय, मला काही राहत नाही आता, मला विसरायला होतंय...” तसा आवाज आणखी वाढला. जितकं खरं बोलावं तितक्या टाळ्या!

गुंडू घामानं भिजलेला, मला गदागदा हलवत होता. “आख्खं स्टेडियम बोलतं केलंस! हे सुचतं कसं रं तुला?”

खाली उतरलो तर शालूबाईनं पाया पडायला हात पुढे केले. मी मागे सरलो.

आता कुणाला सांगू? सांगून झालं. माइकवरून सांगितलं, दहा हजारांना सांगितलं. आता याहून मोठ्यानं कसं सांगतात मला माहीत नाही.

२५ मार्च, मंगळवार

हिनं परवाचा सामना घरी मोबाईलवर बघितला होता. आज सकाळी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “परवा तुमाला खरंच आठवलं न्हवतं.”

“व्हय,” म्हटलं. तिथंच पाटावर बसलो. सगळं सांगून टाकलं. जानेवारीपासून होतंय म्हणालो, डाव्या बॅकचं नाव आलं नाही...

“जानेवारी न्हवं. दिवाळीपासनं.”

तव्यावरची भाकरी उलटली, हात पुसले.

“तुमी मला आक्का म्हनून हाक मारता. आठवड्यातनं दोन-तीनदा तरी.” मग म्हणाली, “मी ओ देते.”